विश्लेषण : मुलगी ‘शहाणी’ झाली, म्हणजे लग्नाला आली का?

लग्नसराई सुरू झाली की सोलापूरच्या नवी पेठेत बस्त्याची गर्दी उसळते. मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा, पंढरपूर अशा तालुक्यांतून गाड्या भरून कुटुंबे येतात. दुकानात साडीचा रंग विचारला जातो, बजेट विचारले जाते, मानपानाच्या साड्या किती हेही विचारले जाते. नवरीचे वय मात्र कुणी विचारत नाही. विचारले, तर अनेकदा उत्तर देणे अवघड जाईल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) सोलापूर जिल्ह्यातील २० ते २४ वयोगटातल्या सुमारे ४० टक्के महिलांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधीच झाले होते. राज्याची सरासरी २१.९ टक्के आहे, देशाची २३.३ टक्के. म्हणजे सोलापूर या बाबतीत राज्याच्या जवळपास दुप्पट आहे.

याच सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये एक वेगळाच मोर्चा निघाला होता. ज्योती क्रांती परिषदेच्या पुढाकाराने लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात, काही जण घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लग्नासाठी मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याची कडक अंमलबजावणी करा, अशी त्यांची मागणी होती. देशभर या मोर्चाच्या चित्रफिती फिरल्या, अनेकांना हसू आले. पण हसण्यावारी नेण्याआधी हे दोन तपशील शेजारी ठेवून पाहायला हवेत. तिशीकडे झुकलेल्या मुलांना नवरी मिळत नाही आणि दहावी-बारावी न झालेल्या मुलींची लग्ने उरकली जातात. हे दोन्ही एकाच जिल्ह्यात घडते. याचे उत्तर शोधताना शरीर वयात कधी येते, माणूस जोडीदार निवडायला कधी तयार होतो आणि मुले कधी, किती हे कोण ठरवते, या तीन प्रश्नांपाशी थांबावे लागते.

वयात येणे म्हणजे नेमके काय?

मराठीत याला किती शब्द आहेत! पदर आला, न्हाण आले, मुलगी शहाणी झाली. यातला ‘शहाणी’ हा शब्द सर्वाधिक फसवा आहे, कारण शरीरात जे घडते त्याचा शहाणपणाशी थेट संबंध नसतो.

मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग बालपणात बराच काळ शांत असतो. ठरावीक टप्प्यावर तिथून संप्रेरकांचे ठोके सुरू होतात. ते पियुषिका ग्रंथीला जागे करतात आणि ती अंडाशयांना किंवा वृषणांना कामाला लावते. या साखळीचे बटण दाबणाऱ्या घटकांपैकी ‘किसपेप्टिन’ या रेणूची भूमिका २००३ मध्ये स्पष्ट झाली. शरीरात पुरेशी चरबी साठली आहे का, याचा संदेश ‘लेप्टिन’ हे संप्रेरक पोहोचवते. म्हणूनच कुपोषित मुली उशिरा आणि वजनदार मुली तुलनेने लवकर वयात येताना दिसतात.

मुलींमध्ये सुरुवात होते ती स्तनांच्या वाढीने. पहिली पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. पाळी आल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असणे सामान्य आहे. याचा अर्थ, ज्या दिवसाला घरातली मोठी माणसे ‘झाले एकदाचे’ असे समजतात, त्या दिवशी शरीराचे काम अर्ध्यावर असते. आठव्या वर्षाआधी मुलीत किंवा नवव्या वर्षाआधी मुलात हे बदल दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, तरीही दाखवावे.

आजकालच्या मुली खरेच फार लवकर वयात येतात का?

‘आमच्या वेळी असे नव्हते’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते. त्यात तथ्य आहे, पण वाटते तितके नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पहिल्या पाळीचे सरासरी वय काही वर्षांनी खाली आले. चांगला आहार आणि संसर्गजन्य आजारांतली घट ही त्याची मुख्य कारणे मानली जातात. भारतातील राष्ट्रीय पाहणीच्या आकडेवारीवर आधारित, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही घट दशकाला साधारण एक महिना इतकीच आढळली. करोनाकाळात मात्र फार लवकर वयात येणाऱ्या मुलींचे प्रमाण वाढल्याचे इटलीतील आणि आपल्याकडे पुण्यातील बालसंप्रेरक तज्ज्ञांनी नोंदवले. घरात कोंडलेले आयुष्य, वाढलेले वजन, कमी झालेली हालचाल अशी कारणे त्यासाठी सुचवली गेली.

पण आजी आणि नातीच्या आयुष्यातला खरा मोठा फरक पाळीच्या वयात नाही, लग्नाच्या वयात आहे. पणजीच्या काळी लग्न आधी व्हायचे आणि पदर नंतर यायचा. आज पाळी तेराव्या वर्षाच्या आसपास येते आणि शिकणाऱ्या मुलीचे लग्न बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी होते. मधली ही दहा-बारा वर्षे आपल्या समाजासाठी नवी आहेत. या वर्षांचे काय करायचे, हे अनेक घरांना अजून कळलेले नाही. ज्यांना कळत नाही, ते ती वर्षे कापून टाकतात.

वयात येण्याच्या वेळेचा जोडीदाराच्या निवडीशी संबंध आहे का?

या विषयावर परदेशात भरपूर संशोधन झाले आहे. बालपण ताणात, असुरक्षित घरात गेले तर शरीर लवकर वयात येण्याकडे झुकते आणि पुढे जोडीदार व अपत्यांबाबतचे निर्णयही लवकर होतात, अशी मांडणी जे बेल्स्की, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि पॅट्रिशिया ड्रेपर यांनी १९९१ मध्ये केली. ती गाजली आणि तिच्यावर टीकाही झाली. आईला लवकर पाळी आली असेल तर मुलीलाही येण्याची शक्यता असते. मग परिणाम घरातल्या वातावरणाचा की वारशाने आलेल्या जनुकांचा, हे वेगळे काढणे कठीण होते.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ब्रिटनमधील सव्वा लाख लोकांची जनुकीय माहिती तपासून हा गुंता काही अंशी सोडवला. लवकर वयात येण्याशी जोडलेली जनुके ज्यांच्यात अधिक, त्यांच्यात पहिला शारीरिक संबंध आणि पहिले मूल लवकर, आणि शिक्षण थोडे कमी, असा कल दिसला. म्हणजे संबंध आहे. पण असा कल सरासरीत दिसतो. एखाद्या मुलीचे भविष्य त्यावरून सांगता येत नाही.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष स्वीडन आणि न्यूझीलंडमधून आला. स्वीडनमधील मुलींचा दीर्घकाळ पाठपुरावा करणाऱ्या हाकन स्टॅटिन आणि डेव्हिड मॅग्नुसन यांना आढळले, की लवकर वयात आलेल्या मुलींची ऊठबस वयाने मोठ्या मित्रमैत्रिणींत होत होती आणि त्यांच्या वागण्यातला फरक बराचसा तिथून येत होता. पुढे या मुली शिक्षणात मागे पडल्या आणि त्यांना मुलेही लवकर झाली. न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरातील अभ्यासात, लवकर वयात आलेल्या मुलींचे नियम मोडण्याचे प्रमाण मुला-मुलींच्या एकत्र शाळेत वाढलेले दिसले, पण फक्त मुलींच्या शाळेत तसे दिसले नाही. शरीर तेच, पाळीचे वयही तेच, फक्त भोवतालची माणसे वेगळी. थोडक्यात, शरीराचे घड्याळ वेळ दाखवते. त्यावर काय करायचे, हे आजूबाजूची माणसे ठरवतात.

आपल्याकडे हे कोण ठरवते?

स्वीडनमध्ये मोठ्या वयाच्या मित्रांनी जे केले, ते आपल्याकडे बहुतेक वेळा आई-वडील, मामा आणि आत्या करतात. मुलीला पाळी आली की नातेवाइकांत स्थळांची चर्चा सुरू होते. निर्णय मुलीच्या शरीरावरून होतो, पण घेणारी ती नसते.

याचा सर्वात स्पष्ट पुरावा बांगलादेशातून मिळतो. एरिका फील्ड आणि अटिला अँब्रस या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये एक साधी पण हुशार युक्ती वापरली. पाळी कधी येईल हे मुलगी ठरवत नाही, पण पाळी आल्यावर लग्न लवकर लावले जाते. मग ज्या मुलींना पाळी उशिरा आली, त्यांचे पुढे काय झाले? त्यांचे लग्न पुढे गेले आणि शिक्षण वाढले. ११ ते १६ या वयात लग्न एक वर्षाने पुढे ढकलले गेले, तर शालेय शिक्षण सरासरी ०.२२ वर्षाने वाढते, असे त्यांना आढळले. साक्षरतेतही वाढ दिसली. शाळा सुटणे हे मुलीच्या बुद्धीवर नाही, पाळीच्या तारखेवर ठरत होते.

आता पुन्हा सोलापूरकडे येऊ. मुलाला मिसरूड फुटले म्हणून कुणी त्याच्यासाठी स्थळे पाहायला निघत नाही. त्याला नोकरी लागण्याची, विहिरीला पाणी लागण्याची, घर बांधून होण्याची वाट पाहतात. मुलीचे लग्नाचे घड्याळ शरीरावर लावलेले आहे आणि मुलाचे कमाईवर. शरीराचे घड्याळ तेराव्या वर्षी वाजते. दुष्काळी तालुक्यातल्या कोरडवाहू शेतीत कमाईचे घड्याळ कधीकधी तिशीपर्यंत वाजतच नाही. त्यात राज्यात २०११ च्या जनगणनेनुसार शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८९४. त्यामुळे मोर्चातला नवरदेव आणि शाळेतून काढलेली नवरी या परस्परविरोधी गोष्टी वाटल्या, तरी दोघांच्या मागे हीच दोन वेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळे आहेत.

हा वाद किती जुना?

सव्वाशे वर्षांहून जुना, आणि त्याचे केंद्र महाराष्ट्रच होते. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा अन्यथा सहा महिने तुरुंगवास, असा आदेश झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे लंडनमध्ये शिकून त्या डॉक्टर झाल्या. नकळत्या वयात, आपली संमती न घेता झालेले लग्न आपल्याला बांधील नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला आणि संबंधासाठीचे मुलीचे किमान वय १० वरून १२ झाले. विरोधकांचा मुख्य आक्षेप नेमका पाळीच्या वेळेवर होता. पहिल्या ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधान संस्कार करावा लागतो आणि बाराव्या वर्षाआधी पाळी आली तर कायदा धर्माच्या आड येतो, असे म्हटले गेले. लोकमान्य टिळकांचा विरोध परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला होता, तर रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांचाच आधार घेऊन सुधारणेची बाजू मांडली. त्यानंतर १९२९ चा शारदा कायदा (मुलींसाठी १४), १९७८ ची दुरुस्ती (मुलगी १८, मुलगा २१) आणि २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा असा प्रवास झाला. कायद्याने टप्प्याटप्प्याने लग्नाचे वय शरीरापासून सोडवून समजेशी जोडले. घरांनी मात्र अजून ते सोडवलेले नाही.

पसंती नेमकी केव्हा तयार होते?

डेव्हिड बस यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ समाजगटांतल्या दहा हजारांहून अधिक लोकांना जोडीदारात काय हवे, हे विचारले. त्यात भारतही होता. पुरुषांना सरासरी लहान वयाची आणि स्त्रियांना थोडा मोठ्या वयाचा जोडीदार हवा, हे सगळीकडे दिसले. पण लग्नाआधी संबंध आलेले नसणे किती महत्त्वाचे, यावर देशोदेशी प्रचंड तफावत होती. चीन, भारतात हा निकष फार वर आणि स्वीडन, नॉर्वेत जवळपास नगण्य. म्हणजे पसंतीतला मोठा भाग आजूबाजूला पाहून, ऐकून, अनुभवून घडतो. त्यासाठी वेळ लागतो.

किती वेळ? भारतासह ११ देशांतल्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक उपयोगी फरक दिसला. शांतपणे, माहिती समोर ठेवून विचार करण्याची क्षमता सोळाव्या वर्षाच्या सुमारास प्रौढांइतकी होते. पण भावनेच्या भरात, दबावाखाली स्वतःला आवरण्याची क्षमता त्यानंतरही काही वर्षे वाढत राहते. सोळा वर्षांची मुलगी गणिताचा पेपर उत्तम सोडवू शकते. पण समोर बसलेल्या दहा पाहुण्यांसमोर ‘मला हे स्थळ नको’ असे म्हणण्यासाठी लागणारे बळ वेगळे असते आणि ते नंतर येते. त्याच वयात प्रेमात पळून जाण्याचा निर्णय घेणाऱ्यांनाही हेच लागू होते.

नवी पेठेपासून थोड्याच अंतरावर सिद्धेश्वर मंदिराच्या परिसरात संमती कट्टा आहे. दर जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतला अक्षता सोहळा तिथेच होतो आणि लाखो भाविक अक्षता टाकतात. आख्यायिकेत लग्नाची इच्छा बोलून दाखवते ती कुंभारकन्या. सिद्धरामेश्वर आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती देतात. ज्या शहराच्या सर्वात मोठ्या सोहळ्याच्या जागेचे नावच ‘संमती’ आहे, त्या जिल्ह्यात खऱ्या लग्नांत मुलीची संमती वयाअभावी विचारलीच जाऊ नये, हे खटकायला हवे.

कुटुंब नियोजनाशी याचा काय संबंध?

फार जवळचा. राज्याचा एकूण जननदर १.७ वर आला आहे, म्हणजे ‘दोन पुरेत’ हे महाराष्ट्राने कधीच स्वीकारले. पण ते कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे. पाचव्या सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातल्या विवाहित महिलांपैकी ४९.१ टक्क्यांनी नसबंदी शस्त्रक्रिया करून घेतली होती. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्काही नाही. म्हणजे नियोजन होते ते थांबण्याचे. सुरुवात केव्हा करायची आणि दोन मुलांत अंतर किती ठेवायचे, यावर फारसा विचार होत नाही. सतराव्या वर्षी लग्न, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पहिले मूल, लगेच दुसरे आणि पंचविशीच्या आत-बाहेर शस्त्रक्रिया, हा क्रम ग्रामीण भागात ओळखीचा आहे. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या.

शरीराच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. पाळी आल्यावर गर्भधारणा शक्य होते, पण बाळंतपणासाठी लागणारी वाढ तेव्हा पूर्ण झालेली नसते. झुरिच येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की स्त्रीच्या कटिबंधाची हाडे प्रसूतीसाठी सर्वाधिक अनुकूल आकाराला येतात ती पंचवीस ते तीस या वयात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयातील मातांना झटके येणे, प्रसूतीनंतरचा जंतुसंसर्ग यांचा धोका २० ते २४ वयातील मातांपेक्षा अधिक असतो. त्यांची बाळे कमी वजनाची, अपुऱ्या दिवसांची असण्याची शक्यताही अधिक. इथे एक चक्र पूर्ण होते. कमी वजनाने जन्मलेले आणि नंतर झपाट्याने वजन वाढलेले मूल लवकर वयात येण्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. म्हणजे अल्पवयीन आईची मुलगी पुन्हा लवकर ‘शहाणी’ होण्याची आणि पुन्हा लवकर बोहल्यावर चढण्याची शक्यता राहते.

उलट टोकही आहे. मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी राज्याने नेमलेल्या समितीने २०१९ मध्ये केली. पाहणी केलेल्या ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, पाठोपाठ कष्टाचे काम आणि अखेर पिशवीच नको, असा हा प्रवास आहे.

खरे तर अंतर ठेवण्याची साधने आता गावाजवळ आहेत. तांबी, ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन, ‘छाया’ या आठवड्याच्या गोळ्या आणि निरोध सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, तेव्हा त्यांना नोकरी आणि प्रतिष्ठा दोन्ही गमवावी लागली. आज साधन मिळते. ते मागण्याइतके वय आणि घरात बोलण्याइतके स्थान मात्र नव्या नवरीकडे असावे लागते. सतरा वर्षांच्या सुनेकडे ते नसते.

आई-वडिलांची भीती खोटी आहे का?

नाही. आणि ती खोटी ठरवून हा प्रश्न सुटणारही नाही. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या जोडप्यापुढे वयात आलेल्या मुलीला कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न खरा असतो. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला मिळते, त्यामुळे लग्न हा रोजगाराचाही भाग बनतो. आठवीनंतर शाळा दुसऱ्या गावात, एसटी वेळेवर नाही, वाटेत टवाळखोर, ही अडचणही खरी. मुलीने परजातीत प्रेम केले तर गावात तोंड दाखवता येणार नाही, ही भीती तर सर्वात मोठी. शिवाय मुलगी जितकी शिकेल तितका शिकलेला नवरा आणि तितका खर्च, असा हिशेबही असतो.

पण या भीतीचे उत्तर लग्न हे नाही. लग्नाने आई-वडिलांची काळजी संपते, मुलीची सुरू होते. ज्या धोक्यापासून तिला वाचवायचे म्हणून लग्न लावले, तोच धोका, म्हणजे नकळत्या वयातला शारीरिक संबंध आणि गर्भधारणा, तिच्या वाट्याला घराच्या आतच येतो. अठरा वर्षांखालील पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. जावई गुन्हेगार ठरू शकतो, हे लग्न लावणाऱ्या अनेकांच्या गावीही नसते.

कायदा आणखी काय सांगतो?

बालविवाह लावणाऱ्यांना, त्यात सहभागी होणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयात लग्न झालेल्या मुलीला सज्ञान झाल्यानंतर दोन वर्षांत, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत, न्यायालयात जाऊन ते रद्द करून घेता येते. ही तरतूद फारच थोड्या मुलींना माहीत असते. गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. १०९८ या क्रमांकावर कुणालाही, नाव न सांगता, माहिती देता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयात साखरपुडा करून ठेवण्याच्या प्रथेवरही बोट ठेवले. जोडीदार निवडण्याचा हक्क मुलांकडून आधीच काढून घेतला जातो, असे सांगत संसदेने याचा विचार करावा, असे सुचवले. मुलींचे लग्नाचे वय २१ करण्याचे विधेयक मात्र २०२१ मध्ये मांडले गेले आणि लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळले. जिथे १८ ही मर्यादाच दहापैकी चौघींच्या बाबतीत पाळली गेली नाही, तिथे आधी त्या मर्यादेकडे लक्ष देणे शहाणपणाचे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, पाळी आणि लग्न यांची गाठ सोडवणे. पाळी आली की मुलीला हिमोग्लोबिनची तपासणी, पोटभर जेवण, शाळेत स्वच्छ स्वच्छतागृह आणि मोकळेपणाने बोलणारे कुणीतरी हवे असते. राज्यात ‘मैत्री’ नावाने किशोरवयीन मुला-मुलींसाठी सल्ला केंद्रे सरकारी रुग्णालयांत आहेत. ती शाळेच्या वेळेनंतर उघडी राहिली आणि आशाताईंनी तिकडचा रस्ता दाखवला, तरच त्यांचा उपयोग.

दुसरी, मधली दहा वर्षे भरून काढणे. मुलींना एसटीचा मोफत पास, व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी, ‘लेक लाडकी’सारखी योजना हे चांगले पाय आहेत. पण सातवी-आठवीत गळणाऱ्या मुलीपर्यंत बस पोहोचली नाही, तर पदवीची शुल्कमाफी तिच्या काय कामाची? ऊसतोडीच्या हंगामात मुलींसाठी वसतिगृह हे बालविवाह रोखण्याचे सर्वात थेट साधन आहे. त्यावरचा खर्च शिक्षण खात्याचा की समाजकल्याणचा, या वादात एक हंगाम गेला तरी काही मुलींचे आयुष्य जाते.

तिसरी गोष्ट मुलांची. घोड्यावर बसून मोर्चा काढणाऱ्या तरुणांची मागणी गर्भलिंगनिदानाविरोधात होती, ती योग्यच होती. पण तिला आणखी एक ओळ जोडायला हवी. सोळाव्या वर्षी घाईने लग्न लावलेली मुलगी शिकून, कमावून, स्वतः विचार करून याच तरुणांपैकी एखाद्याला निवडू शकली असती. मुलींना निवडीचा अधिकार देणे म्हणजे मुलांचा तोटा, हा समज सोडावा लागेल. मुलाला कमाईच्याच तराजूत तोलणे थांबायलाही दोन्ही घरांत बोलू शकणारी मुलगी लागते.

नवी पेठेत पुढच्या लग्नसराईतही बस्ते बांधले जातील. साड्यांचे रंग निवडताना नवरीलाच विचारले जाते, ‘तुला कोणता आवडला?’ हाच प्रश्न आधी नवऱ्याबद्दल, मग शिक्षणाबद्दल आणि पुढे मुलांबद्दल तिला विचारला जावा, आणि उत्तर देण्याइतकी ती मोठी असावी. यासाठी तिला आणखी पाच-सहा वर्षे द्यावी लागतील. तेवढी वाट घरच्यांनी पाहायची आहे.